जिन्यातला सोफा

वेंडेल गॅस्किन्स यांनी न्हाणीघराच्या दाराला नवं कुलूप स्वतःच्या हातानं बसवलं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

गॅस्किन्स अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बस चालवून निवृत्त झालेले. खालच्या मजल्यावर स्वतः राहत, वरचा भाड्यानं देत. या वेळी भाडेकरू ठरली होती डेलोरा गॅरेट. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, दोन मुलींची आई. तिच्याकडे घरभाड्याच्या सरकारी मदतीचं व्हाउचर होतं. 'व्हाउचर' हा शब्द ऐकताच फोन ठेवून देणारे घरमालक तिला इतके भेटले होते, की गॅस्किन्स "या की बघायला" म्हणाले तेव्हा तिनंच "नक्की ना?" असं विचारलं होतं.

व्हाउचरची मुदत आज, शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. त्याआधी तपासनीसानं घर पास करायला हवं होतं. आणि पास होईपर्यंत भाडेकरूचा चमचासुद्धा आत जाता कामा नये, असा नियम. मागच्या तपासणीत घर एकाच कारणावरून नापास झालं होतं: न्हाणीघराचं दार नीट लागत नव्हतं.

आता ते लागत होतं. इतकं, की तपासनीस डोम्ब्रोस्की आत गेले, त्यांनी दार लावून पाहिलं, आणि मग ते उघडेचना.

"गॅस्किन्स," आतून आवाज आला, "कुलूप मजबूत आहे. आता उघडा."

गॅस्किन्सनी मूठ फिरवली. मूठ हातात आली.

"काका, हे काय करून ठेवलंत?" डेलोरा कुजबुजली.

"दुकानदार म्हणाला, लहान पोरसुद्धा बसवेल."

"मग पोराकडूनच बसवून घ्यायचं होतं!"

बिजागऱ्या आतल्या बाजूनं होत्या. डेलोरानं स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी दाराखालच्या फटीतून आत सरकवली. "साहेब, बिजागरीतले खिळे खालून ठोकून वर काढा."

"बाई, मी तपासतो. दुरुस्त करत नाही."

"आज दोन्ही करा. मी सांगते तसं."

आत ठोकाठोक सुरू झाली. तेवढ्यात जिन्यात धडधड ऐकू आली. डेलोरानं पुढचं दार उघडलं, तर समोर तिचा भाऊ ओटिस, त्याचा एक मित्र आणि दोघांच्या मध्ये तिचा तपकिरी सोफा.

"ओटिस! मी फोन केल्यावर यायचं ठरलं होतं ना?"

"तुझा फोन येईना. म्हटलं, कामात असशील, कशाला त्रास द्या."

"अरे, साहेब आत आहेत! सोफा दिसला तर घर गेलं! खाली न्या, आधी खाली न्या!"

दोघं वळले. सोफा वळला नाही. जिन्याच्या वळणावर त्याचा एक पाय कठड्यात अडकला आणि पाठ भिंतीला टेकली.

"वर येताना कसा आला मग?" गॅस्किन्सनी विचारलं.

"वर येताना आम्ही विचार केला नव्हता," मित्र प्रामाणिकपणे म्हणाला.

"बाई!" न्हाणीघरातून उत्साही हाक आली. "दोन निघाले! तिसरा हलतोय!"

"सावकाश, साहेब, अगदी सावकाश! बोटाला लागेल!"

पण डोम्ब्रोस्कींना आता काम जमायला लागलं होतं. दार सुटलं आणि ते बाह्या सरसावलेले, घामेजलेले, शर्यत जिंकल्यासारखे बाहेर आले. डेलोरानं त्यांना पुढच्या दाराकडे फिरकूच दिलं नाही. कुलूप तिनं खोललं, गॅस्किन्सनी उलटा बसवलेला भाग सुलटा केला, साहेबांकडूनच दार पुन्हा चढवून घेतलं. ते दार त्यांनी चार-चारदा उघडून-लावून पाहिलं, दर वेळी थोडं जास्तच कौतुकानं.

"झालं. आता फक्त बाहेर पडायची वाट तपासायची," असं म्हणत त्यांनी पुढचं दार उघडलं.

वाट नव्हती. सोफा होता.

"हे काय?"

"साहेब, तो जिन्यात आहे. घरात नाही," डेलोरा म्हणाली.

"एकच जिना, तोही अडलेला. आग लागली तर? नापास."

"मग आत घेतो."

"पास होण्याआधी भाडेकरूचं सामान आत? नापास."

"खाली नेतो."

"खाली जात नाही, साहेब," ओटिस म्हणाला. "खूप समजावलं त्याला."

डोम्ब्रोस्कींनी घड्याळ पाहिलं. "मला वाईट वाटतं बाई, पण पुढची तपासणी आता सोमवारनंतरच."

गॅस्किन्स मटकन पायरीवर बसले. डेलोरा मात्र उभीच राहिली.

"साहेब, वाट मोकळी पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच."

"मोकळी म्हणजे किती?"

"माणूस अडखळल्याशिवाय गेला पाहिजे."

"ओटिस, पाय वर ओढून सोडव. काका, उठा. सोफा डोक्यावर घ्या. तिघंही."

तिघांनी हिसका देऊन सोफा सोडवला, दाराबाहेरच्या चौकोनात आणला आणि हात वर करून छताला टेकवला. तो आता जिन्यातही नव्हता, घरातही नव्हता. डोम्ब्रोस्की बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. असा प्रश्न त्यांना नोकरीत कधी पडला नव्हता. मग ते सोफ्याखालून चालत खाली गेले, वर आले, खात्रीसाठी आणखी एकदा गेले.

"कुठेही अडखळलो नाही," त्यांनी जाहीर केलं आणि खिशातून पेन काढलं.

कागद भिंतीला लावून त्यांनी वर ठसठशीत 'पास' असं लिहिलं. अक्षर त्यांचं सुंदर होतं, आणि सुंदर अक्षराला वेळ लागतो. तारीख लिहिली. पत्ता लिहिला. गॅस्किन्सचे गुडघे लटपटू लागले, ओटिसच्या मित्राच्या नाकावरून घाम ठिबकू लागला.

"भाडेकरूचं नाव?"

"डेलोरा गॅरेट," डेलोरा म्हणाली.

पेन आडनावाच्या मध्यावर थांबलं. डोम्ब्रोस्कींनी शांतपणे मान वर केली.

"गॅरेटमध्ये शेवटी टी एक की दोन?"

"दोन!" सोफ्याखालून तिघं एकदम ओरडले.