डांगराचा लंगोट

आमच्या समोरच्या शेवाळे आप्पांच्या सोफ्यावर पुष्कळदा एक डांगर बसलेलं असतं. डांगर म्हणजे लाल भोपळा. आमच्या नाशिकात त्याला डांगरच म्हणतात. आता घरात भोपळा असण्यात नवल काही नाही. पण या भोपळ्याला लंगोट बांधलेला असतो, लंगोटावर टिचबटणांचं झाकण असतं, आणि झाकणातून दोन गिलकी, म्हणजे घोसाळी, पायांसारखी बाहेर आलेली असतात. ती उदबत्तीच्या काड्या टोचून बसवलेली असतात. गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस एकदा हे ध्यान पाहून दारातच थबकला. आप्पा त्याला म्हणाले, "या या, ते काय करत नाय."

आप्पांच्या सोफ्यावर डांगर आलं, की आमच्या इमारतीत कुणाकडे तरी गोड बातमी आहे असं समजायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेनं स्वतःच्या सासूला सांगायच्या आधीच आप्पांनी डांगर आणलं होतं. तिला लिफ्टमध्ये लोणच्याची बरणी उघडून खाताना त्यांनी पाहिलं होतं म्हणे. त्या घरात पुढे आठ दिवस अबोला होता.

आपल्याकडे मूल व्हायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, आणायचं नाही, अशी रीत आहे. दृष्ट लागते म्हणतात. पण आप्पांचं काम तर चौथ्या-पाचव्या महिन्यापासूनच सुरू होतं. कुणी टोकलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "बाळाचं कुठं शिवतोय मी? हे डांगराचं हाय. पुढं डांगराला नको झालं तर बाळाला देऊ."

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे असल्या युक्तिवादापुढे माझं काही चालत नाही.

आप्पा मूळचे मनमाडचे. रेल्वेत होते. स्टेशनात गाडी थांबली, की हातोडी घेऊन तिच्या कडेकडेनं चालायचं आणि चाकं ठोकून आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. आवाज बिघडला तर चाकाला तडा आहे समजायचं. निवृत्त होऊन इथे इंदिरानगरला आले, बायकोचं, म्हणजे मंदाकाकूंचं, पायाचं शिलाई मशीन त्यांच्या हाती लागलं, आणि चाकांची जागा बाळांनी घेतली. स्वतःचे दोन नातू पुण्याला असतात, पण ते आता दाढी करतात. त्यामुळे आप्पांची सगळी विद्या इमारतीच्या वाट्याला आली.

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात त्यांच्याबरोबर एकदा जायचा योग मला आला. पुन्हा तो येऊ नये याची मी काळजी घेते. आप्पा डांगरांच्या ढिगापुढे उकिडवे बसले आणि एकेकाला बोटाच्या पेरानं ठोकून कान लावू लागले. भाजीवाली त्यांच्या ओळखीची होती.

"कितवा लागला, आप्पा?" तिनं विचारलं.

"सातवा."

"मग दोन किलोचं न्या की. फुडच्या बुधवारी वाढवून देते."

"अंगानं भरलेलं पाहिजे. मागचं लय किडमिडीत होतं."

"घरचं खाणं कमी पडलं असंल," ती म्हणाली आणि तिनं दुसरं काढून दिलं.

आजूबाजूची गिऱ्हाइकं बघत होती. मी मेथीच्या जुड्यांत तोंड खुपसून, हे गृहस्थ आपल्या ओळखीचेच नाहीत असं दाखवत होते. तर आप्पा तिकडून ओरडले, "वहिनी, इकडं या! ह्याचा पुठ्ठा बघा!"

त्यांच्या कामात मात्र नाव ठेवायला जागा नाही. आत तिकोनी लंगोट, त्यावर जुन्या रेनकोटच्या कापडाचं झाकण, आतून मऊ सुती अस्तर, मांड्यांशी इलॅस्टिक. या इलॅस्टिकपायी तर गिलकी लागतात. झाकण रात्रभर घालून ठेवायचं आणि सकाळी गिलक्यावर वळ उठलाय का ते चष्मा लावून बघायचं. उठला असेल तर सगळं उसवायचं. मग गळतीची तपासणी. वाटीभर कोमट पाण्यात हळद कालवून ते लंगोटात ओतायचं, म्हणजे कुठून गळतंय ते दिसतं. मंदाकाकूंचा सोफा मूळचा कोणत्या रंगाचा होता हे आता त्यांनाही आठवत नाही.

शिवाय पुसणी. पुसणी म्हणजे बाळाचं पुसायची फडकी, दुपदरी, सहा बाय सहा इंच, कडेनं शिवून घेतलेली. कोमट पाण्यात बुडवायची, पुसायचं, धुऊन उन्हात टाकायची. बाजारात पाकिटातून मिळणाऱ्या ओल्या कागदांवर आप्पांचा भारी राग. "वास मारतात नुसते. पोराचं ढुंगण म्हणजे काय ऑफिसचं टेबल हाय?"

कापड नवं चालत नाही. "कापड पिकावं लागतं," हा त्यांचा आवडता सिद्धांत. दोन-तीनशे वेळा धुऊन जे विरायला आलंय तेच बाळाच्या अंगाला लावायचं. त्यामुळे आप्पा आपल्याकडे बघत असतात तेव्हा आपल्याकडे बघत नसतात. एका साखरपुड्यात त्यांनी माझ्या पदराचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "अजून दोन वर्षं नेसा." आमच्या ह्यांचा निळ्या रेघांचा एक पायजमा होता. तो गुडघ्यावर इतका विरला होता, की त्यातून पेपर वाचता आला असता. पण ह्यांचा जीव त्यावर. आप्पांनी वर्षभर त्या पायजम्याची चौकशी केली, जशी कुणी आजारी माणसाची करतं. अखेर एक दिवस तो दोरीवरून नाहीसा झाला आणि त्या जागी, चिमट्याला लावलेला, नवा कोरा पायजमा आला. ह्यांनी चार दिवस आप्पांशी बोलणं टाकलं.

शिवून झालं, की डांगर चिरायचं. डांगराला पहिली सुरी बाईमाणसानं लावायची नसते, म्हणून तो मान आप्पांचा. लंगोट सोडून, घडी करून बाजूला ठेवायचा आणि मगच सुरी लावायची. पुढे आठवडाभर इमारतीत सगळ्यांच्या ताटात डांगराची भाजी, भरीत, घारगे. मला डांगर अजिबात आवडत नाही. अकरा बाळं झाली इमारतीत, म्हणजे मी काय भोगलं असेल बघा.

बारावं आमच्या घरचं होतं. माझी मुलगी ऋतुजा सातव्या महिन्यात आली माहेरी. दुसऱ्या दिवशी आप्पा दारात हजर, काखेत डांगर.

इथे मी कबूल केलं पाहिजे, की दुसऱ्यांच्या घरी जी गोष्ट मला गंमत वाटत होती, ती स्वतःच्या घरी आल्यावर मला नकोशी झाली. माझ्या सासूबाईंनी मला आधी टोपड्याची दोरीसुद्धा आणू दिली नव्हती. विज्ञान शाळेत राहिलं. मी म्हटलं, "आप्पा, नको. बाळ हाती आल्यावर बघू."

"वहिनी, हे बाळाचं नाय, डांग..."

"डांगराचंही नको."

आप्पा कधी वाद सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सोडला. डांगर या काखेतून त्या काखेत घेतलं आणि आपल्या घरात गेले. मला वाटलं, रागावले.

त्यानंतर नऊ दिवसांनी ऋतुजाच्या पोटात दुखायला लागलं आणि दुपारपर्यंत बाळ झालं. मुलगा. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी लांबून पाहिला. माझ्या हाताच्या पंजाएवढी त्याची पाठ होती. बाजारातला सगळ्यात लहान डायपर त्याच्या काखेपर्यंत आला. सिस्टर म्हणाल्या, "आजी, घरचं मऊ सुती काही असेल तर आणा. धुतलेलं, इस्त्री केलेलं. लंगोट, टोपडं. लवकर आणा."

घरात काही नव्हतं. माझ्याच हट्टानं नव्हतं. रिक्षात बसले आणि इंदिरानगर येईपर्यंत रडले. जिन्यात मनाशी ठरवत होते, की आपली जुनी साडी फाडायची, पण शिवायचं कसं? मला बटण लावता येत नाही.

आप्पा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. हातात कापडी पिशवी. आत कागदात गुंडाळलेले सोळा लंगोट, तळहातावर मावतील एवढे, दोन टोपडी आणि पुसण्यांचा गठ्ठा. सगळं धुतलेलं, इस्त्रीचं. कापडावरच्या निळ्या रेघा माझ्या चांगल्याच ओळखीच्या होत्या.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"गाडी कधी कधी बिफोर येती, वहिनी," आप्पा म्हणाले. "फलाट तयार पाहिजे. जा तुम्ही, उशीर करू नका."

दुसऱ्या दिवशी डबा न्यायला घरी आले, तेव्हा मंदाकाकूंनी मला त्यांच्या घरात बोलावून सांगितलं. सोफ्यावर त्या वेळी डांगर नव्हतं, सव्वा किलोचा एक जून दुधी होता. त्याला लंगोट होता, निळ्या रेघांचा, आणि पायांच्या जागी दोन बोटभर कोवळी गिलकी.

"दर वेळी पहिला जोड हा एवढाच करतात," काकू म्हणाल्या. "कुणाला दावत नाय. अकरा पोरं झाली, कुणाला लागला नाय. पोर नीट झालं की उसवून पुसणी करतात त्याची. तुम्ही नको म्हणलात ना, तवा तुमचा करून कपाटात ठेवलेला होता."

मग त्यांनी दुधीवरचा लंगोट सारखा केला.

"आमचं पहिलं सातव्यातच झालं, मनमाडला. सिस्टरनं कापड मागितलं. आधी काय करायचं नसतं, म्हणून घरात चिंधी नव्हती. हे ड्युटीवरून तसेच आलेले. खिशातला रुमाल काढून दिला. ग्रीस लागलेला. तिनं दोन बोटांनी धरून परत दिला." काकूंनी पदर तोंडाला लावला. "चार दिवस होतं पोरगं. रुमालानं काय झालं नाय त्याला, डॉक्टरनं सांगितलं तसं. पण ह्यांच्या डोक्यातून तो रुमाल जात नाय."

अकरा बाळांची भाजी खाताना मी नाक मुरडलं होतं. तिथेच मला स्वतःची लाज वाटली, आणि मी काकूंचा हात धरून बसले.

सव्वा महिना आम्ही दवाखान्यात येरझारा घातल्या. कधी दहा ग्रॅम वाढायचे, कधी वीस कमी व्हायचे. मी जिना चढून आले, की आप्पांचं दार उघडायचं. "किती?" एवढंच विचारायचे. मी आकडा सांगायचे. ते मान हलवून आत जायचे. सोफ्यावर दुधी तसाच होता. तो पिवळा पडला, सालीनं कडक झाला, पण आप्पांनी त्याला सुरी लावली नाही आणि लावूही दिली नाही. गिलकी मात्र दर बुधवारी ताजी यायची. काकू एकदा म्हणाल्या, "अहो, टाका आता तो, घरात पाहुणे येतात." तर म्हणाले, "गाडी यार्डात हाय अजून. सिग्नल पडू दे."

सिग्नल एका शुक्रवारी सकाळी पडला. बाळ घरी आलं. वजन दोन किलोला थोडं कमी, पण रडण्याचा आवाज पाच किलोचा. ह्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. आप्पा दाराबाहेर उभे. आत या म्हटलं तरी येईनात. मग चपला काढून, हात धुऊन आले आणि गादीजवळ बसले. बाळाला हात लावायच्या आधी त्यांनी त्याच्या मांडीकडे चष्म्यातून निरखून पाहिलं.

"वळ नाय उठला कुठं," ते म्हणाले.

मग खिशातून त्यांनी इस्त्री केलेला एक इवलासा लंगोट काढला. सतरावा. दुधीच्या अंगावरचा.

"घ्या वहिनी. हा आता बाळाचा."

मी म्हटलं, "तुम्हीच बांधा."

त्यांनी बाळाखाली लंगोट सरकवला. एक टोक पुढे घेतलं, दुसरं घेतलं. टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. आप्पांनी पुन्हा ओढून पाहिलं. दोन बोटं कमी पडत होती. ज्या माणसाचं माप कधी चुकलं नव्हतं, तो हातात दोन टोकं धरून बघतच राहिला.

"पुरत नाय," आप्पा म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, उघड्या दारातून समोरच्या घराकडे ओरडले, "मंदे! अगं मंदे, लवकर ये! पुरत नाय बघ!"

काकू कणकेच्या हातानं धावत आल्या. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.