खिडकीच्या खाटेसाठी पोकर

विमा एजंटाची खाट वॉर्डातल्या एका दाराशी होती, आणि ते दार होतं संडास-बाथरूमचं. बल्ब बदलताना स्टुलावरून पडून त्याचा पाय मोडला होता. आता तो पाय प्लास्टरात, वर टांगलेला, आणि दार दिवसाकाठी साठ-सत्तर वेळा आपटायचं. नेमका आकडा त्याला ठाऊक होता, कारण पडल्या पडल्या मोजण्याखेरीज दुसरं काही करता येत नव्हतं. नऊ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून बुधवारी सकाळी खिडकीजवळचा पेशंट बरा होऊन घरी निघाला, तेव्हा खुद्द त्या पेशंटापेक्षा एजंटाला जास्त आनंद झाला.

शनिवारी नवा पेशंट येणार होता. तोवर खिडकी कुणाला हवी ते आपसांत ठरवा, खाटा सरकवून देते, असं सिस्टर सांगून गेली. वॉर्डात एजंटासकट चौघे उरले होते. खांद्याचं हाड मोडलेला बसड्रायव्हर, घोटा मोडलेला शिंपी, आणि चाकांच्या खुर्चीतले, खुब्याचं ऑपरेशन झालेले आजोबा. एजंट एक्स-रे काढून परत आला तेव्हा ड्रायव्हर चिठ्ठ्या टाकायचं म्हणत होता.

चिठ्ठ्या म्हणजे निव्वळ नशीब. अख्खी हयात शक्यतांचे तक्ते वाचण्यात घालवलेल्या माणसाला ते पटणं शक्य नव्हतं. त्याने सुचवलं की पोकर खेळू. त्याचा मेहुणा मोबाइलवर पोकर खेळायचा आणि वेळ जावा म्हणून त्याने भाऊजींना पत्त्यांचा एक जोड आणि एक जाडजूड पुस्तकही आणून दिलं होतं. पुस्तक एजंटाने दोनदा वाचलं होतं. बाकी तिघांनी या खेळाचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, ही गोष्ट एजंटाच्या लक्षात आली नव्हती असं म्हणता येणार नाही.

मग त्याने खेळ शिकवला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मधे पाच उघडी, सगळी मिळून ज्याचा मेळ भारी तो जिंकला. पान बरं वाटलं तर बोली लावायची, नाहीतर टाकून द्यायची. बोलीसाठी सिस्टरकडून कापसाचे बोळे मागून घेतले, माणशी वीस. शुक्रवारी संध्याकाळी ज्याच्याकडे जास्त बोळे, त्याची खिडकी. जेवणाची ट्रॉली एजंटाच्या खाटेशी आणली आणि दुपारचा चहा होताच डाव सुरू झाला.

पुस्तकात लिहिलं होतं की हातात काही नसलं तरी असल्यासारखं लावावं, समोरचा घाबरून पानं टाकतो. मधे तीन बदाम पडले तेव्हा एजंटाने ते करून पाहिलं. त्याच्याकडे एकही बदाम नव्हता. पण पाच बदामांचा भारी मेळ जमला आहे अशा थाटात त्याने दहा बोळे पुढे सारले आणि चेहरा दगडासारखा केला.

शिंप्याने लगेच दहा बोळे लावले आणि पानं उघडली. त्याच्याकडे तिर्रीची जोडी होती, बाकी काही नाही. आणि तेवढ्यावर तो जिंकला.

"अहो, नुसत्या तिर्रीवर तुम्ही दहा बोळे लावलेत? मी पाच बदाम असल्यासारखं लावलं होतं."

"होते का?"

"नव्हते."

"मग माझं बरोबरच झालं की," शिंपी म्हणाला.

एजंट गोंधळला. त्याने तिघांनाही खोदून विचारलं की तुम्ही पानं टाकत का नाही. शिंप्याचं म्हणणं, टाकली तर पुढचं पान काय आलं असतं याची चुटपुट लागून राहते. ड्रायव्हरला अर्ध्या रस्त्यातून बस वळवायची सवय नव्हती. आणि आजोबांचं उत्तर तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. समोरच्या माणसाने एवढ्या हौसेने बोळे लावले असताना आपण नाही म्हणायचं, हे त्यांना बरं दिसत नव्हतं.

संध्याकाळी मेहुणा भेटायला आला. एजंटाने दबक्या आवाजात सगळी कर्मकहाणी ऐकवली. मेहुण्याला उलट आनंदच झाला. जे कधीच पानं टाकत नाहीत त्यांना थाप मारण्यात अर्थ नाही, तो म्हणाला. गप्प बसायचं, भारी पान आलं की सढळ हाताने लावायचं, ते आपणहून येऊन देऊन जातात. आणि काहीही झालं तरी डोकं थंड ठेवायचं.

गुरुवारी एजंट गप्प बसला. तासभर नुसती पानं टाकत राहिला. तिघे मजेत खेळत होते, आजोबा तर मधेच पेंगून पुन्हा जागे होऊन जिंकत होते. शेवटी एजंटाच्या हाती दोन एक्के आले. त्याने सढळ हाताने लावलं. तिघेही आले. तो लावत गेला, ते येत गेले, मेहुण्याने सांगितलं होतं अगदी तस्संच. मग पानं उघडली, आणि शिंप्याने सत्तीची एक आणि दुर्रीची एक अशा, एक्क्यांच्या एका जोडीला भारी पडणाऱ्या, दोन जोड्या दाखवल्या.

एजंटाचा आवाज चिरका झाला. "सत्ती आणि दुर्री? याहून वाईट दोन पानं अख्ख्या जोडात हाती येत नाहीत. ती ठेवलीत कशाला?"

"माझ्या दुकानाचा नंबर बहात्तर आहे," शिंपी म्हणाला. "टाकवेना."

नेमकी त्याच वेळी सिस्टर रक्तदाब मोजायला आली. आकडा पाहून तिने दुसऱ्यांदा मोजला, आणि रात्रीपासून एजंटाच्या जेवणातलं मीठ बंद झालं.

"तुम्ही अगदी बरोबर खेळलात," मेहुणा सगळं ऐकून म्हणाला.

"मग हरलो कसा?"

"भाऊजी, बरोबर खेळणारा एखादा डाव हरतोच. लांब पल्ल्यात तुम्हीच जिंकणार."

"लांब पल्ला म्हणजे किती?"

मेहुण्याने मनाशी हिशेब केला. "पाच-दहा हजार डाव."

खिडकी शुक्रवारी ठरणार होती. एजंट छताकडे बघत राहिला. लांब पल्ल्याचं हेच वाक्य त्याने आजवर शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं, आणि ती माणसं अशी छताकडे का बघतात ते त्याला कधी कळलं नव्हतं.

शुक्रवारी त्याने सगळं सोडून दिलं. कोण कशासाठी खेळतो हा विचार सोडला, शिंप्याकडे बघणं सोडलं. चांगलं आलं तर लावायचं, नाही आलं तर अळणी वरणाचा विचार करायचा. आणि बोळे येऊ लागले. एक सुरेख डाव गेला तेव्हासुद्धा त्याने हूं की चूं केलं नाही. शेवटच्या डावाला तीन राजे जमले. त्याने सगळे बोळे पुढे सारले. शिंपी बघण्यासाठी आला, ड्रायव्हर वळता येईना म्हणून आला, आजोबा भीड पडली म्हणून आले, आणि ट्रॉलीवरचा सगळा कापूस एजंटाच्या पांघरुणावर जमा झाला.

त्याला खरोखर भरून आलं. तिघांनी तोंडभर कौतुक केलं. सिस्टरने त्याची खाट खिडकीकडे ढकलायला घेतली तेव्हा ड्रायव्हर निवांतपणे म्हणाला, "बरं झालं, तुम्हीच जिंकलात. नाहीतरी तुम्हालाच द्यायची होती."

"म्हणजे?"

तेव्हा कळलं ते असं. परवा तो एक्स-रेला गेला असतानाच तिघांचं ठरलं होतं. शिंप्याला उन्हाचा त्रास, आजोबांना वाऱ्याचा. ड्रायव्हरने सव्वीस वर्षं इंजिनाशेजारी काढलेली, शांततेत त्याला झोपच यायची नाही, त्याला दाराचीच खाट हवी होती. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर चारही चिठ्ठ्यांवर एजंटाचंच नाव असणार होतं, फुकट घ्यायला तो संकोचेल म्हणून. पण त्याने एवढ्या उत्साहाने खेळ शिकवायला घेतला की त्यांना मोडता घालवेना.

"मग तुम्ही आत्ता मुद्दाम हरलात?" एजंटाने विचारलं.

शिंपी दुखावला. "छे हो. आम्ही जीव तोडून खेळलो. जिंकलो असतो तरी खिडकी तुम्हालाच दिली असती, ती गोष्ट वेगळी."

म्हणजे आपण जिंकलो की नाही, याचा विचार करत एजंट खिडकीशी पडून राहिला. बोळे जिंकले होते, हे खरं. पण खिडकी हरूनही मिळणारच होती. मग बरोबर खेळलो ते नक्की कशासाठी? आणि रक्तदाब? विचार करता करता त्याला कधी झोप लागली ते कळलं नाही.

तो थेट शनिवारी दुपारी जागा झाला. पडदा ओढलेला होता. ट्रॉली त्याच्या खाटेला टेकवलेली, भोवती तिघे, आणि त्याच्या प्लास्टरच्या पायापासून पोटापर्यंत कापसाचा ढीग.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तुमचे बोळे," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला वगळणं बरं दिसेना, म्हणून तुमचीही पानं वाटली. दर वेळी तुमच्या वतीनं मी लावत गेलो."

"बघून?"

"दुसऱ्याची पानं बघू कशी?"

एजंटाने ढिगाकडे पाहिलं. असं चालत नाही, याला पद्धत असते, हे सांगण्यासाठी तो कोपरावर उठू लागला. शिंप्याने ओठांवर बोट ठेवून त्याला हलकेच मागे रेटलं.

"झोपा साहेब," तो म्हणाला. "डाव चालू आहे."