मेलो तरी येणार नाही

"मेलो तरी येणार नाही," बाबा म्हणाले आणि त्यांचं बिस्किट चहात बुडालं.

"नका येऊ," लेक म्हणाली. "तुमच्यावाचून कुणाचं अडलेलं नाही."

"अडेल कसं? तुमच्याकडे स्लाइडी आहेत ना!"

आईने चमचा पुढे केला. बुडालेलं बिस्किट काढायला की भांडण ढवळायला, हे तिने सांगितलं नाही.

बाबा वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत. लेक प्राध्यापकांना, शिकवायचं कसं ते शिकवायची. म्हणजे बाबा मेलेल्यांच्या मदतीने जिवंतांना शिकवत आणि लेक, बाबांच्या मते, नेमकं उलट करत होती. तिचं प्रशिक्षण दर वर्षी त्यांच्याच महाविद्यालयात भरायचं. ते सगळ्यांना सक्तीचं होतं आणि बाबा त्या दिवशी न चुकता रजा टाकायचे. पहिल्या वर्षी त्यांची दाढ दुखली. दुसऱ्या वर्षीही तीच दाढ दुखली. मधल्या काळात ती काढून टाकली होती, एवढंच. यंदा तर त्यांनी कारणाच्या जागी नुसतीच रेघ मारली होती.

"विषय तरी काय आहे उद्या?"

"अबोल विद्यार्थ्याला बोलतं कसं करावं."

"कशाला करावं? माझ्या विभागातले सगळ्यात चांगले शिक्षक एक अक्षर बोलत नाहीत."

हे शिक्षक म्हणजे टेबलांवरचे मृतदेह. त्यांना कोणी 'बॉडी' म्हटलं की बाबा त्याला वर्गाबाहेर काढत. गुरुजी म्हणायचं. कक्षात पाऊल टाकण्याआधी दारातच 'नमस्कार गुरुजी', मग पुढचं सगळं. पहिल्या वर्षाची पोरं सुरुवातीला हसत, आठवड्याभरात हसणं बंद होई. स्वतः बाबांनीही या जागेसाठी कधीच नंबर लावून ठेवला होता. आपल्यामागे आपला देह आपल्याच विभागाला द्यायचा, असं त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं. "निवृत्तीनंतरची ही एकच नेमणूक," ते म्हणत, "जिथे मुलाखत घेत नाहीत आणि प्रशिक्षणाला पाठवत नाहीत."

"आणि काय गं, तुझ्या वर्गाचं दार म्हणे दहाला लावून घेतात?"

"दहा म्हणजे दहा. फोनसुद्धा काढून टोपलीत ठेवायला लावते."

"तुरुंगच की!"

"तुरुंगातून निदान कोणी रजा टाकून पळत नाही," असं म्हणून लेक चप्पल अडकवून दोन गल्ल्या पलीकडच्या आपल्या घरी गेली. दोघांचं हे शेवटचं बोलणं. पण तसं दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कोणी ते नीट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि पुन्हा उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. आई खुर्चीवर बसून त्या एका सुटलेल्या नाडीकडे बघत राहिली. लेकीने आपल्या सहायकाला निरोप पाठवला : 'मला जमणार नाही. तू सुरू कर. सगळे नियम पाळ.' पुढे कारण लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं आणि निरोप तसाच धाडला. सहायक गुणी होता. त्याने सगळे नियम पाळले. घोटाळा तिथेच झाला.

"हळू चालवा हो," रुग्णवाहिकेत आई चालकाला म्हणाली. "यांना खड्डे सोसत नाहीत."

महाविद्यालयाच्या इमारतीच्या दारात नवा वॉचमन होता. "ओळखपत्र?"

लेकीचं ओळखपत्र घरी पर्समध्ये राहिलं होतं. "अहो, आतलं प्रशिक्षण माझंच आहे."

"सगळे तेच सांगतात, मॅडम. आणि हे?"

"हे इथले प्राध्यापक."

चालकाने चादर जरा बाजूला केली. बाबांचं ओळखपत्र त्यांच्या गळ्यातच होतं. वॉचमनने फोटो पाहिला, चेहरा पाहिला. त्याची मान आपोआप खाली गेली, पण तोंडाला सवय होती. "हे जाऊ शकतात," तो म्हणाला. "तुम्ही थांबा." मग स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकू आल्यासारखा दचकला आणि त्याने दार पुरतं उघडलं.

विभागाला कुलूप होतं. किल्ली विभागातल्या मामांकडे असायची, आणि यंदा प्रशिक्षण परिचरांनाही सक्तीचं केल्यामुळे मामा आत बसले होते. मामांचा फोन टोपलीत. अधिष्ठात्यांचा फोन टोपलीत. नियम म्हणून सहायकाचाही. कार्यालयातला फोन रिकाम्या खोलीत वाजून वाजून दमला. सबंध महाविद्यालयात ही बातमी सांगावी असं एकही माणूस मोकळं नव्हतं, आणि ही व्यवस्था लेकीने मोठ्या अभिमानाने स्वतः घडवलेली होती.

"दुसरा रस्ता?" चालकाने विचारलं.

दुसरा रस्ता होता. विच्छेदन कक्षाचं मागचं दार मोठ्या व्याख्यानगृहात उघडायचं. स्ट्रेचर मावेल असं तेवढं एकच. आणि प्रशिक्षण चालू होतं ते त्याच व्याख्यानगृहात.

चालकाने दार वाजवलं. ते फटीएवढं उघडलं. आत पडद्यावरच्या उजेडाखेरीज सगळा अंधार.

"उशीर झालाय," सहायक पडद्याकडे बघतच कुजबुजला. "नियमाबाहेर घेतोय, गुपचूप मागे बसा."

"बसता यायचं नाही यांना," चालक म्हणाला.

"मग उभे राहा. पण बोलायचं नाही."

"ते नाही बोलणार."

सहायक घाईघाईने पुढे पळाला. लेकीला हाक मारायची होती, पण घशातून आवाजच निघेना. स्ट्रेचर शेवटच्या रांगेला टेकलं. आई त्याच्या शेजारी रिकाम्या खुर्चीवर बसली, कारण सकाळपासून ती कुठे नीट बसलीच नव्हती.

"तर शेवटच्या रांगेतला विद्यार्थी," सहायक माइकवर म्हणाला. "त्यालाच आधी विचारायचं. आत्ता जे उशिरा आले, त्यांना विचारू. सर, वर्ग अबोल असेल तर तुम्ही काय कराल?"

शांतता.

"लाजू नका. चुकलं तरी चालेल."

शांतता.

"बघा! हा आदर्श नमुना. तीन वर्षं प्रशिक्षण देतोय आम्ही, पण इतका पक्का गडी नाही पाहिला."

सभागृह खदखदून हसलं. एवढा मोठा कोण आला ते बघायला मामा उठले आणि त्यांनी दिवे लावले.

हसू विझायला वेळ लागला नाही. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. अधिष्ठाता पुढच्या रांगेतून म्हणाले, "सर? पण त्यांची तर आज रजा आहे..." आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मामा किल्ल्या घेऊन मागच्या दाराशी आले. त्यांनी कुलूप काढलं, पण कडीवर हात ठेवून थांबले. "ताई, सरांचा नियम आहे," ते पुटपुटले. "दारात नमस्कार म्हटल्याशिवाय मी कधी कोणाला आत घेतलं नाही. आज सरांनाच कसं घेऊ?"

लेकीने मान हलवली. ओठ उघडले, मिटले. सगळं सभागृह वाट बघत होतं. अबोल विद्यार्थ्याला बोलतं करायचे सगळे उपाय पडद्यावर होते आणि त्यातला एकही तिच्या कामाचा नव्हता.

तेवढ्यात सहायक जवळ आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, सकाळी सूचनेवरच्या नंबरवर एका गृहस्थांचा फोन आला होता. दार नक्की कितीला लावता म्हणून. मी म्हटलं, दहा म्हणजे दहा. नाव विचारलं, तर म्हणाले, 'शेवटच्या रांगेतला.' मग म्हणाले, 'थांबा, बूट घालतो.'"

आईने बाबांच्या पायांकडे पाहिलं. एक नाडी बांधलेली होती, एक सुटलेली. तिने खाली वाकून ती बांधली.

"नमस्कार गुरुजी," लेक म्हणाली.

मामांनी कडी सरकवली. चालकाने स्ट्रेचर लोटायला घेतलं, पण लेकीने दांडीवरचा आपला हात काढला नाही. मग माइकची गरज पडू नये इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "दहा म्हणजे दहा हे खोटं होतं, बाबा. इथे दर वर्षी मी दार उशिराच लावायचे. वाटायचं, तुम्ही याल."