भागीरथाबाईंचा पंचनामा

कोरपन्याकडच्या एका कापूसवाल्या गावात भैयाजी येरगुडे यांनी पत्नी भागीरथाबाई यांच्यासाठी रक्तदाबाच्या गोळ्या मोबाइलवरून मागवल्या, आणि तीन महिन्यांचा साठा पाचव्या दिवशी दारात हजर झाला. खोक्यावर हसणारं कुटुंब, आत आभाराचं पत्र आणि किमतीवर बावीस टक्के सूट. भैयाजींनी ते खोकं आठवडाभर ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं मांडून ठेवलं. बायकोच्या आजाराचं दुःख त्यांना होतंच, पण बावीस टक्क्यांमुळे ते बरंच सुसह्य झालं होतं.

शंका आली ती भागीरथाबाईंना. दुकानातली गोळी लहान, गुलाबी असायची. ही जाड, पांढरी आणि वास खडूचा.

"मी नाई खात जी हे," त्या म्हणाल्या. "इच्यानं भिंतीवर लिहिता येते." आणि त्यांनी भिंतीवर एक रेघ ओढूनही दाखवली.

"अवो, कंपनी बदलली असन. तुले काय समजते?" भैयाजी म्हणाले खरे, पण मनातून चरकले. दोन वर्षांपूर्वी ऐन कापूस वेचणीत भागीरथाबाईंचा रक्तदाब चढला होता आणि आठ दिवस त्यांची जीभ जड झाली होती. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला आठ दिवसांची शांतता हवीशी वाटेल, असा गावाचा अंदाज होता. भैयाजी मात्र त्या आठ दिवसांत रोज गोठ्यात जाऊन रडले होते.

पाकिटावर एक चौकोनी कोड होता. तो मोबाइलने टिपला की औषधाचा खरेखोटेपणा कळतो, असं खाली लिहिलं होतं. भैयाजींनी टिपला. हिरवी खूण आली, टाळ्या वाजल्या आणि अक्षरं उमटली: 'अभिनंदन! आपलं उत्पादन अस्सल आहे.' आनंदाच्या भरात त्यांनी बिस्किटाच्या पुड्यावरचा कोड टिपला. तोही अस्सल निघाला. मग विजेचं बिल टिपलं. मग तेलंगणातून बिनबिलाची आणलेली चोर बीटीची, म्हणजे बेकायदा कापूस बियाण्याची, पिशवी टिपली, जी अस्सल असल्याचा दावा विकणाऱ्यानेसुद्धा केला नव्हता. मोबाइलने तिचंही अभिनंदन केलं. तेव्हा भैयाजींनी मोबाइल खिशात टाकला.

आता स्वतःच तपासणं आलं. या भागात शेतकऱ्याला एकच तपासणी येते, कारण कृषी सहायक दरवर्षी मृगाआधी येऊन तेवढीच शिकवून जातो: ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि किती उगवले ते मोजायचं. भैयाजींनी एक अख्खं पाकीट सोलून दहा गोळ्या ओळीने मांडल्या, गोणपाट गुंडाळलं, पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी सोडून पाहिलं. कोंब आला नव्हता, याचं त्यांना नवल वाटलं नाही. पण एकही गोळी विरघळली नव्हती. जी पोत्यात पाच दिवस भिजून विरघळत नाही ती पोटात काय करणार, असा विचार करत भैयाजी तालुक्याच्या गावी निघाले.

तिथे नव्यानेच 'औषध सत्यता पडताळणी कक्ष' उघडला होता. कक्षात निकेश नावाचा तरुण बसत असे. तो मूळचा बियाणे तक्रार विभागातला. औषधं त्याच्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आली होती.

"औषधाचा फॉर्म अजून छापून आला नाई, भाऊ," निकेश म्हणाला. "बोगस बियाण्याचा हाये. 'बियाणे' खोडा अन् 'गोळी' लिहा."

भैयाजींनी खोडलं. पुढचा रकाना होता 'बाधित क्षेत्र'. बराच विचार करून त्यांनी लिहिलं: पाच फूट एक इंच. 'ओलिताची सोय' या रकान्यात लिहिलं: चहा, दिवसातून तीनदा. 'पेरणीचा दिनांक' इथे मात्र पेन अडला.

"तिनं खाल्लीच नाई जी."

"मंग तक्रार कायची?" निकेशने त्यांच्या हातातून फॉर्म काढून घेतला. "बियाणं पेरल्याबिगर उगवलं नाई म्हणता येते का? आधी खाऊ घाला. एकवीस दिवसांनी समिती प्रत्यक्ष क्षेत्रावर येऊन पंचनामा करन."

"अन् तिले काई झालं तं?"

"तं नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर जाते," निकेश समजावणीच्या सुरात म्हणाला. "प्रकरण मजबूत होते."

दोन दिवस भैयाजी वावरातच फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान खाली घालून बायकोला नियम सांगितला. भागीरथाबाई भांडतील अशी त्यांची खात्री होती. त्या एवढंच म्हणाल्या, "खातो जी. सरकारचं काम हाये."

रोज सकाळी त्या गोळीचं रिकामं झालेलं घर दाखवायला पाकीट आणत. भैयाजी पाकीट पाहत आणि लगेच म्हणत, "आता काई तरी बोल." जीभ जड झाली का, ते पाहण्याची ही त्यांची रीत. भागीरथाबाई भैयाजींच्या वडलांपासून सुरुवात करून सलग पाच मिनिटं बोलत, आणि भैयाजी निश्चिंत मनाने वावरात जात.

एकविसाव्या दिवशी समिती आली. समिती पाच जणांची होती. अध्यक्ष रजेवर, तज्ज्ञ सदस्याचं पद रिक्त, ग्राहक प्रतिनिधीची नेमणूक विचाराधीन. त्यामुळे चार सदस्य म्हणून निकेश आला आणि पाचवी सदस्य म्हणून रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आरोग्यसेविका रिना आली.

"नियमाप्रमाणं लगतच्या क्षेत्राशी तुलना करा लागते," निकेश म्हणाला. "शेजारी दुसऱ्या वाणाचं कोणी हाये का?"

शेजारी सोनीबाई होत्या. तोच आजार, चांद्याच्या एकाच डॉक्टरने दोघींना लिहून दिलेली तीच गोळी, पण दुकानातून घेतलेली. त्यांना बोलावून भागीरथाबाईंच्या बाजूला खाटेवर बसवण्यात आलं.

रिनाने आधी भागीरथाबाईंचा दंड आवळला. एकशे सव्वीस, ऐंशी.

"पीक जोमदार," निकेशने लिहिलं. भैयाजींना इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच डोळे पुसले.

मग सोनीबाईंची पाळी आली. रिनाने एकदा मोजलं, दोनदा मोजलं. "दोनशे दहा, एकशे वीस. बाई, गरगरते का?"

"चार दिसापासून गरगरून राह्यलं," सोनीबाई म्हणाल्या. "मले वाटलं ऊन लागलं."

निकेशने निष्कर्ष मोठ्याने वाचत लिहिला: 'तक्रारीतील गोळी अस्सल व परिणामकारक. लगतच्या क्षेत्रावरील दुकानी गोळी निष्प्रभ.' चार सह्या केल्या, पाचवी रिनाकडून घाईत घेतली, शिक्का मारला, आणि भैयाजींच्या हातात कागद देऊन फोटो काढला. भैयाजी फोटोत मनापासून हसले.

फोटो निघाला आणि सोनीबाई खाटेवर आडव्या झाल्या. "भागीरथाबाई," त्या म्हणाल्या, "तुया गोळ्याइनं घात केला वो माहा!"

गावात बाया सगळंच बदलून घेतात: खुडूक कोंबडीखालची अंडी, वालाचं बी, विरजण. ओसरीवरचं ते हसऱ्या कुटुंबाचं खोकं सोनीबाईंच्या डोळ्यांत भरलं होतं. 'तुया मोबाइलवाल्या मले दे, माह्या दुकानातल्या तू घे,' त्यांनी हट्ट धरला होता. भागीरथाबाईंनी नाही म्हटलं नव्हतं. रिकामं घर असलेलं पाकीट रोज सकाळी दोन घरांमधल्या भिंतीवरून परत येत होतं.

भागीरथाबाई रडू लागल्या. "मीच देल्ल्या जी. म्हटलं समितीही खूश अन् माहा जीवही वाचन. इचा जीव मी धरलाच नाई!"

भैयाजींनी हातातला कागद पुढे केला. "साहेब, हे उलटं झालं. हे खोडा."

"शिक्का बसला, भाऊ," निकेश म्हणाला. "आता सोनीबाईले स्वतंत्र तक्रार करा लागन. पण बिल तुमच्या नावाचं. म्हणजे त्या अनधिकृत ग्राहक. चोर बीटीची तक्रार आपण घेतो का?"

"सर, आधी गाडी काढा," रिना ओरडली.

"गाडी पडताळणीसाठी मंजूर हाये. पेशंटसाठी नाई."

रिनाने बोलणं थांबवून त्याच्या खिशातून किल्ली काढली. सोनीबाई वेळेवर दवाखान्यात पोचल्या, चार दिवसांनी परत आल्या, आणि याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

नोंद आहे ती फोटोची. 'जागरूक ग्राहकाच्या लढ्याला यश, ऑनलाइन गोळी अस्सल' अशा मथळ्याखाली तो निकेशने कक्षाच्या गटावर टाकला, तिथून तो कापूसवाल्यांच्या गटावर गेला, मग भजनी मंडळाच्या, मग लग्न जुळवणाऱ्यांच्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या अकरा घरांनी गोळ्या मागवल्या. त्यांतल्या तीन घरांत रक्तदाब कोणालाच नव्हता.

"खरं सांगून टाका न जी लोकायले," भागीरथाबाई म्हणाल्या. सोनीबाईंच्या घरी त्या आता दोन वेळचा डबा पोचवत होत्या.

"कसं सांगू?" भैयाजी म्हणाले. "दोनशे चौदा लोकायनं अंगठे देल्ले. अन् फोटोत मी हसून राह्यलो."

त्यांनी खरं लिहायचं दोनदा मनावर घेतलं. दोन्ही वेळा मध्येच कोणाचं तरी अभिनंदन आलं, आणि आलेल्या अभिनंदनाला उत्तर न देणं त्यांना असभ्यपणाचं वाटलं.

तो फोटो फिरत फिरत तुमच्याही गटावर आला असेल. तुम्ही खालचा मजकूर वाचला नसेल, अंगठा दिला असेल. ते असू द्या. एकच खरं सांगा: एवढं सगळं वाचताना तुम्हाला जीव सोनीबाईंसाठी जास्त लागून राहिला, की बावीस टक्के सूट देणाऱ्या त्या मोबाइलवरच्या दुकानाचं नाव मी अजून सांगितलं कसं नाही, यासाठी?