एका घराचे तीन बोनस

घर विकणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. माणूस खमका पाहिजे! लोक दोन-दोन वर्षं घर विकत बसतात, कारण त्यांचं मुळात काही ठरलेलंच नसतं. माझं ठरलं होतं. कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटच्या तारखेभोवती मी लाल पेनानं जाडजूड गोल काढला आणि बायकोला म्हणालो, "या तारखेला हे घर आपलं नसेल!"

"त्या गोलाखाली माझी दातांच्या डॉक्टरची वेळ लिहिली होती," ती म्हणाली.

विकायचं कारण एकच. आमचं घर पहिल्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली पूर्वी गाद्यांचं गोदाम होतं. गाद्यांइतके सज्जन शेजारी मी जन्मात पाहिले नाहीत. सात महिन्यांपूर्वी गाद्या गेल्या आणि ड्रमचा वर्ग आला! रोज संध्याकाळी पाच ते आठ. मी ऑफिसातून बरोबर पाचला घरी येतो. चहाचा कप उचलला रे उचलला की खालून पहिला दणका. कपातला चहा बशीत, बशीतला शर्टावर! मांडणीतली पातेली तर हळूहळू सरकत एकमेकांच्या गळ्यात पडायची.

मी रोज त्या वर्गाच्या नावानं बोटं मोडायचो. बायको मात्र शांत. पाच वाजले की पिशवी खांद्याला लावून ती फिरायला जायची ती साडेसहाला घामाघूम होऊन परतायची. नशीबवान बाई!

तर मी एजंट गाठला. सदा हसतमुख माणूस. त्यांच्या पट्ट्याला निदान तीस घरांच्या चाव्या लटकत असत. माणूस जिन्यात असताना चाव्या दारात वाजायच्या. बायकोनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'जुडगे' ठेवलं. ते इतकं चपखल बसलं, की त्यांचं खरं नाव मला अजून आठवत नाही.

"जुडगे," मी म्हणालो (सुदैवाने मनात) आणि मोठ्यानं म्हणालो, "हे बघा, महिनाअखेरीच्या आत घर विकलंत तर ठरलेल्या दलालीवर तेवढीच रक्कम वरून देईन. बोनस!"

जुडग्यांच्या चाव्या आपोआप वाजल्या. "साहेब, गिऱ्हाईक कसं पाहिजे?"

"सही करणारं!"

ते गेल्यावर बायकोनं विचारलं, "अहो, ही लाच नाही का हो?"

हा प्रश्न मला! मी वजनकाटे तपासणारा निरीक्षक आहे. दुकानदाराचा चहा सोडाच, मी पाणीसुद्धा घरून बाटलीत भरून नेतो. मी तिला नीट समजावलं, "लाच लपवून देतात, बोनस खुशीनं देतात. एजंटला बोनस देण्यात काहीही गैर नाही!"

"काहीही?"

"काहीही!"

तिनं मान डोलावली. जरा जास्तच विचारपूर्वक डोलावली, पण तेव्हा माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

आठवड्याच्या आत जुडगे एक गिऱ्हाईक घेऊन आले. सकाळी अकराला. साठी ओलांडलेल्या एक बाई, पांढरेशुभ्र केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. चौतीस वर्षं ग्रंथपाल होत्या. आयुष्यभर लोकांना 'शूऽ' म्हणून निवृत्त झाल्या, आणि घर मिळालं होतं बसच्या गॅरेजला लागून!

दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी डोळे मिटले. "ऐका."

मी कान टवकारले. "काय?"

"काहीच नाही!" त्यांचा चेहरा उजळला. "किती छान काहीच नाही!"

जुडग्यांनी मुठीत चाव्या गच्च दाबून धरल्या होत्या. धंद्यात मुरलेला माणूस!

बाईंना घर पसंत पडलं. मी उड्या मारायच्याच बाकी होत्या. पण जाता जाता त्या म्हणाल्या, "एकदा संध्याकाळी येते. सहाच्या सुमारास. उजेड कसा येतो ते बघायचंय."

माझ्या पायाखालची फरशी हलली. जुडगे मात्र हसतच होते. "या की!" ते म्हणाले आणि माझ्या कानाशी लागले, "मी बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. दोन दिवसांनी संध्याकाळी सहाला बाई आल्या, तर खाली चिडीचूप! टाळूवर तेल घातल्यासारखी शांतता. मी जुडग्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "काय केलंत?"

"ड्रममास्तरांना मोठी जागा बघायला पाठवलंय, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सगळ्या विद्यार्थ्यांसकट! म्हटलं, सगळ्यांनी मिळून वाजवून बघा, जागा घुमते का."

मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मारली, हे खोटं कशाला सांगू?

मग जुडगे फोनवर बोलायला गॅलरीत गेले आणि बाई खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आमच्या गॅरेजपाशी पानभर वाचून होत नाही हो. तीच ओळ चारदा वाचते. होतं नव्हतं ते सगळं या घरात घालतेय. पण या एजंटनी फार जीव लावून शोधलं. मी त्यांना नेमलं तेव्हाच सांगितलं होतं, खरोखर शांत घर मिळालं तर वर बक्षीस देईन. आपलं वय झालं. आपल्या वतीनं कुणीतरी बघणारं, ऐकणारं पाहिजे ना?"

म्हणजे जुडगे बाईंचे कान होते, आणि त्या कानांत बोळे घालण्याचे पैसे मी देत होतो!

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं. "बाई..."

"हं?"

"...चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी मी कामावर एक काटा पकडला. पारड्याच्या बुडाला मेणाचा गोळा चिकटवलेला. दुकानदार हात जोडून म्हणतो, "साहेब, गिऱ्हाईक खूश आहे, मी खूश आहे. तुम्हीच का नाराज?"

यावर माझं एक ठरलेलं भाषण आहे. काटा दोघांच्या मध्ये असतो, त्यानं एकाचा पक्ष घेतला की तो काटा राहत नाही, वगैरे. उत्तम भाषण आहे. 'काटा दोघांच्या मध्ये' इथपर्यंत आलो आणि माझ्या डोळ्यांपुढे चाव्यांचा जुडगा वाजायला लागला. पुढचं वाक्यच आठवेना! दुकानदारानं मला पाणी दिलं. मी ते पिऊनसुद्धा टाकलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा!

बाहेर येऊन जुडग्यांना फोन लावला. "बाईंना ड्रमचं सांगा."

"साहेब, त्यांनी विचारलं तर सांगूच की! 'खाली ड्रमचा वर्ग आहे का', असं विचारलंय का त्यांनी कधी?"

"असं कोण विचारतं?"

"तेच म्हणतोय मी!"

झालं. मी ठरवलं, आपणच सांगायचं. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं! फक्त कधी सांगायचं, ते ठरत नव्हतं. एका पारड्यात बाई आणि दुसऱ्यात रोजचे तीन तास दणके. माझ्यासारख्या मुरलेल्या निरीक्षकालाही काटा वाचता येईना.

शनिवारी दुपारी चारला करार करायचं ठरलं. आमच्याच घरी. जुडग्यांचा हिशोब सोपा होता. चारला बसायचं, सव्वाचारला सह्या, साडेचारला बाई रिक्षात. पाचच्या आत सगळं आटपलेलं.

पण ते एक गोष्ट विसरले. ग्रंथपाल माणूस न वाचता सही करत नाही! बाईंनी चष्मा चढवला, पिशवीतून पेन्सिल काढली आणि कराराच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"'विक्री' दोनदा चुकलंय," त्या म्हणाल्या.

सव्वाचारला पान दोन. साडेचारला पान चार. जुडग्यांच्या कपाळावर घाम आला. "बाई, हे सगळं छापीलच असतं, नेहमीचंच..."

"शूऽ!"

जुडगे रुमालानं घाम पुसू लागले. भिंतीवरचं घड्याळही जरा हळू टिकटिकायला लागल्यासारखं वाटलं. पावणेपाच. पाचला दहा कमी. बायको समोरच्या खुर्चीत चुळबुळ करत होती. तिच्या फिरण्याची वेळ झाली होती, पिशवी खांद्याला होती, पण ती उठत नव्हती. पाचला पाच कमी असताना बाईंनी शेवटचं पान उलटलं, चष्मा पुसला, पेन उघडलं आणि पेनाचं टोक कागदावर टेकवलं.

आता नाही तर कधीच नाही! मी ताडकन उभा राहिलो आणि ओरडलो, "सही करू नका!"

पण आवाज दोन आले. बायकोही उभी राहून तेच ओरडली होती!

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. "तू का?" "तुम्ही का?" "मी आधी विचारलं!" जुडग्यांनी चाव्यांचा खुळखुळाट करत मध्ये उडी घेतली, "नवराबायकोचं आपसातलं आहे, बाई, तुम्ही सही करा!"

बाईंनी पेन मिटलं आणि एक बोट वर केलं. खोलीत एकदम वाचनालय झालं. "एकेकानं बोलायचं," त्या म्हणाल्या. "आधी हे."

मी सगळं ओकून टाकलं. ड्रम, पाच ते आठ, सकाळची भेट, गावाच्या टोकाची जागा, आणि दुप्पट दलालीचा बोनस. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी बायकोकडे जरा तोऱ्यातच पाहिलं. "आता तू!"

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीतून दोन काठ्या घरंगळून बाहेर आल्या.

"या कसल्या?"

"ड्रमच्या."

"आपल्याकडे कुठून आल्या?"

"मी जाते वर्गाला. सहा महिने झाले."

मी मटकन खाली बसलो. म्हणजे ज्या दणक्यांना मी रोज शिव्या घालत होतो, त्यातले निदान निम्मे घरचेच होते!

"सांगायचं नाही का?"

"कधी सांगू? तुम्ही घरात पाऊल टाकता तेच त्या वर्गाला शिव्या देत! तीन महिन्यांनी माझी परीक्षा आहे. म्हणून मी यांना..." तिनं जुडग्यांकडे बोट केलं, "...यांना म्हटलं, घर तीन महिने विकलं जाऊ देऊ नका. बोनस देते."

"बोनस? तू? मला न सांगता?"

"तुम्हीच म्हणालात, एजंटला बोनस देण्यात काहीही गैर नाही. मी दोनदा विचारून घेतलं होतं!"

आता तिघांच्याही माना जुडग्यांकडे वळल्या. घर लवकर विकण्याचा एक बोनस, घर न विकण्याचा एक आणि शांत घर मिळवून देण्याचा एक! दुसरा एखादा माणूस जिन्यावरून पळाला असता. जुडगे छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी तिघांचंही काम मनापासून केलं!" आणि देवाशपथ सांगतो, त्या माणसाला ते खरंच वाटत होतं. "सही झाली असती तर साहेबांचा बोनस घेतला असता, बाईसाहेबांचा परत केला असता. मी कुणाचं बुडवत नाही!"

"आणि माझा?" ग्रंथपालबाईंनी शांतपणे विचारलं.

"तुम्ही सकाळी आलात तेव्हा होतं ना घर शांत?"

तेवढ्यात पाच वाजले. शनिवारी मोठ्यांचा वर्ग असतो. खालून असा काही धडाका सुरू झाला, की करार टेबलावरून चालत चालत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. कुणीच उचलला नाही.

बाईंना आता मोठ्यानं बोलावं लागत होतं. चौतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच ओरडत असाव्यात. "यांना मी माझ्यासाठी नेमलं होतं! तुमचे पैसे घेतल्याचं त्यांनी मला सांगायला हवं होतं. त्यांनी नाही, तर तुम्ही! एवढी रक्कम सोडायचीच होती, तर घराची किंमत तेवढी कमी करायची! ते मला दिसलं असतं, आणि ड्रम आहेत म्हणून कमी आहे, हेही कळलं असतं!"

"चुकलं!" मी ओरडलो.

"काय?"

"चुकलं म्हणालो!"

"ऐकू आलं! पुन्हा ऐकायचं होतं!"

त्या गेल्या. जुडगे त्याआधीच गेले होते. या वेळी माणूस आधी आणि चाव्या मागून. मी कॅलेंडरवरचा लाल गोल खोडला. बायकोनं काठ्या उचलल्या. "येता का बघायला?" दुसरं काही सुचेना, म्हणून गेलो. ती वाईट वाजवत नाही. खाली, समोर बसून ऐकलं तर त्याला एक ताल आहे. वर फक्त दणकेच पोचतात.

बायकोची परीक्षा झाल्यावर घराची जाहिरात मी स्वतःच लिहिली. किंमत बोनसएवढी कमी केली आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'खाली ड्रमचा वर्ग, रोज पाच ते आठ'. तीन आठवड्यांत घर गेलं! रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेनं घेतलं. ती संध्याकाळी पाचला झोपेतून उठते आणि गजराला वेगळे पैसे पडत नाहीत म्हणून खूश आहे.

आता आम्हाला घर हवं होतं. आणि अचानक ग्रंथपालबाईंचा फोन आला! त्यांना शेवटी एका बंद गल्लीत, झाडांच्या आड, मनासारखं घर मिळालं होतं.

"माझ्या शेजारचं घर विकायला आहे," त्या म्हणाल्या. "मालक माझ्या ओळखीचे आहेत, एजंट नको, काही नको. आधी तुम्हालाच विचारतेय. त्या दिवशी तुम्ही तोट्यात जाऊन खरं बोललात. असा शेजारी मिळाला तर मला हवाय. इथे इतकं शांत आहे, की पान उलटलेलं ऐकू येतं!"

मला गहिवरून आलं. सचोटीचं फळ म्हणतात ते हे! किंमतही आमच्या आवाक्यातली. मी हो म्हणणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे आवाजाचं काही नाही ना?"

बायको परीक्षेत पहिली आली होती. आदल्याच दिवशी तिच्यासाठी घरी पाच ड्रम आणि तीन झांजांचा नवाकोरा संच आला होता, माझ्याच पैशांनी, माझ्याच आग्रहानं. मी त्या संचाकडे पाहिलं. संचानं माझ्याकडे पाहिलं.

"बाई," मी म्हणालो, "खरं सांगायचं तर..."

आम्ही सध्या भाड्याच्या घरात राहतो. बसच्या गॅरेजला लागून.