पाखऱ्याचा खुराक

यात्रेला महिना उरला असताना निमगाव साव्याचे सयाजीतात्या जेवायला बसले ते उठलेच नाहीत. तात्या ठणठणीत होते, फक्त पाय उठायला तयार नव्हते. शेवटी त्यांची बायको ठकूबाई आणि मुलगा भिका यांनी काखांत हात घालून त्यांना उभं केलं.

"सोडा आता. बैलाला पाणी पाजायचंय," तात्या म्हणाले.

"तुमाला धरायला दोघं, मग बैलाला धरायला कोण?" भिका म्हणाला. "यात्रा झाली की पाखऱ्या बेल्ह्याच्या बाजारात."

पाखऱ्या हा तात्यांचा शेवटचा शर्यतीचा बैल. दारात ट्रॅक्टर आला तशी बाकीची जनावरं एकेक करून गेली होती. शर्यतीच्या चढावर, म्हणजे घाटात, 'भिर्रर्र' असा पुकारा झाला की सगळा गाव टाचा उंच करून बघायचा, ते दिवस होते. पाखऱ्या गेला असता तर तात्यांना सकाळी उठायला कारणच राहिलं नसतं.

नारायणगावच्या डॉक्टरांनी त्यांच्या मांड्या दाबून पाहिल्या. "सकाळी काय खाता?"

"चहा-भाकरी."

"आणि दुपारी?"

"भाकरी-चहा."

"आजोबा, वय वाढलं की अंगाला प्रथिनं जास्त लागतात, नाहीतर मांस झडतं. डाळ, कडधान्यं, अंडी खा."

अंडी गळ्यातल्या माळेपाशी अडली. डाळीनं गॅस धरतो, असं तात्यांचं ठाम मत होतं. मग डॉक्टरांनी पावडरचा डबा दिला. परतताना जीपमध्ये भिकानं अट घातली, "यात्रेपतुर हाताचा टेका न घेता भुईवरनं उठलात, तर बैल ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी ठकूबाईनं दुधात पावडर कालवून पेला हातात दिला. तात्या तो घेऊन सरळ गोठ्यात गेले. पायात ताकद येते म्हणतात, मग घाटात पळायचं कुणाला, याचा त्यांनी शांतपणे विचार केला आणि पेला पाखऱ्याच्या घमेल्यात ओतला. पाखऱ्यानं घमेलं चाटलं, पेला चाटला आणि तात्यांचा हातही चाटला.

चारच दिवसांत पाखऱ्यानं त्याच्या नेहमीच्या खुराकावरून तोंड फिरवलं. ठकूबाईनं भरून दिलेल्या बादलीत भिजवलेला हरभरा, शिजवलेले उडीद, वर शेंगदाणे. त्याची नजर पेल्यावर.

"खा की लेका. तुझ्या आज्याला ह्यातलं निम्मंबी मिळत नव्हतं."

पाखऱ्या ढिम्म. बादली भरलेली परत गेली की ठकूबाई बोंब मारणार, बैल आजारी म्हणून भिका उद्याच बाजार गाठणार. अन्न फेकून द्यायला हात होईना. तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं, गव्हाणीच्या कडेला टेकले आणि घासभर हरभरे तोंडात टाकले. लहानपणी आज्याच्या बैलांच्या खुराकातून चोरून खाल्लेल्या हरभऱ्यांची चव थेट जिभेवर आली. बघता बघता बादलीचा तळ दिसला. गॅस धरला नाही.

"पाखऱ्या लई खाया लागलाय," ठकूबाई म्हणाली.

"यात्रा जवळ आली. वाढव जरा."

तिनं वाढवलं. पुढं खुराकाला मीठ लागू लागलं, मग लिंबू, आणि एके दिवशी लसणाची फोडणी. जनावराला इतका जीव लावणारी बायको मिळायला नशीब लागतं, असं तात्यांना वाटलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी तात्या अंगणात मांडी घालून बसले, हात छातीशी घेतले आणि उठले. भिकानं पुन्हा बसवलं. पुन्हा उठले.

"डबा लागू पडला राव," भिका म्हणाला. "आणखी एक आणतो."

"मोठा आण."

यात्रेत पाखऱ्या कसा पळाला ते विचारू नये. गाड्याच्या कडेनं ओरडत धावणारे तात्या मात्र त्याच्या आधी वर पोचले.

दुसऱ्या सकाळी ते बादली घ्यायला आले, तर ठकूबाईनं पाट मांडलेला. ताटात हरभरा, उडीद, वर बारीक चिरलेला कांदा.

"हितंच बसून खावा. गोठ्यात डास लई."

"हे पाखऱ्याचंय."

"त्यो कवा फोडणी मागायला लागला? तुमच्या मिशीला उडीद चिकटला व्हता, तवाच कळलं. मी ताटात वाढलं असतं, तर गॅस धरला असता."

तात्या पाटावर बसले. अर्धं ताट संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आन पावडरीचा पेला?"

ठकूबाईनं तो आधीच कालवून ठेवला होता. "त्यो त्याला नेऊन द्या," ती म्हणाली. "त्याचंबी वय झालंय आता."