लेट, परत सर्व्हिस

आमच्या घराण्याचं टेनिसमधलं नाव बुडालं, त्याला कारण एक बॉलपेन. (बुडायला आधी नाव असावं लागतं, असं माझ्या शुभाताईचं मत आहे. तिच्याकडे आपण नंतर येऊ.) १९८५ च्या डिसेंबरात बाबांच्या कंपनीच्या कँटीनबाहेर एक नोटीस लागली: 'रिक्रिएशन क्लब, वार्षिक फॅमिली डबल्स. इच्छुकांनी नावे द्यावीत.' बाबा डबा धुऊन परत चालले होते. खिशात बॉलपेन होतं म्हणून त्यांनी खाली लिहून टाकलं, 'वि. ग. परुळेकर आणि कुटुंबापैकी एक.' त्या दिवशी रिफिल संपलेली असती, तर आज मला हे सांगावं लागलं नसतं.

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत सगळी पोरं क्रिकेट खेळायची. आम्ही चौघं टेनिस खेळायचो. बाबा, आई, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी शुभाताई आणि मी. जुलैत दूरदर्शनवर विम्बल्डनची फायनल असली, की बाबा संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ करून टीव्हीसमोर बसायचे. उरलेलं वर्षभर दर रविवारी सकाळी बिल्डिंगीच्या मागं आमचं विम्बल्डन भरायचं. आईची जुनी वायलची साडी पेरूच्या झाडापासून पाण्याच्या टाकीच्या पाइपापर्यंत बांधली की नेट तयार. रॅकेटी चारच होत्या. त्यातल्या एकीच्या तारा तुटल्या, तेव्हा बाबांच्या वर्सोव्याच्या मित्रानं, गुणाजीकाकांनी, ती मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीनं विणून दिली. झकास चालायची. फक्त पावसाळ्यात तिला बोंबलाचा वास यायचा.

चौघांत शुभाताई सगळ्यांत चांगली. मग आई. (पदर खोचून ती बॅकहँड मारायची, तो भाकरी उलटावी इतका सहज.) मग बाबा. मग पेरूचं झाड. त्यानंतर मी.

नियम मात्र बाबांचे. ते त्यांनी टीव्हीवर ऐकून ऐकून बसवले होते. कॉमेंट्री इंग्रजीत, त्यात आमच्या टीव्हीची घरघर. मधल्या गाळलेल्या जागा बाबा स्वतः भरायचे. 'फिफ्टीन लव्ह' आईनं सेन्सॉर केलं होतं, कारण वरच्या मजल्यावरच्या वनमालाबाई गॅलरीत उभ्या राहून ऐकायच्या. आम्ही 'पंधरा भोपळा' म्हणायचो. आणि सर्व्हिस नेटला चाटून पलीकडे पडली, की म्हणायचं 'लेट'.

"लेट का?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"सोपं आहे रे," बाबा म्हणाले होते. "बॉल वाटेत नेटला अडकला. पोचायला उशीर झाला. लेट! आता त्यात त्याची काय चूक? म्हणून परत सर्व्हिस."

इतका दयाळू नियम मी दुसऱ्या कुठल्या खेळात ऐकलेला नाही.

हा नियम अंगणातून घरात कधी शिरला, कळलंच नाही. शुभाताई क्लासहून उशिरा आली, की दारातूनच "लेट!" म्हणायची. बाबांची कामावरून यायची वेळ साडेसहाची, पण ते हमखास साडेसातला यायचे आणि चपला काढता काढता म्हणायचे, "लेट!" आई गार झालेला चहा मोरीत ओतायची, नवं आधण ठेवायची आणि म्हणायची, "परत सर्व्हिस." शेजारच्या घरात याच गोष्टीवरून रोज भांडी आपटायची. आमच्याकडे उशिरावरून कधी आवाज चढल्याचं मला आठवत नाही.

तर ती नोटीस. खेळायला शुभाताईनं जायचं हे ठरलेलंच होतं. पण नोटिशीत खाली बारीक अक्षरांत होतं, 'पांढरा पोशाख आवश्यक.' घरात पांढरा पोशाख एकच, माझा शनिवारचा पी.टी.चा, आणि तो शुभाताईला होईना. अशा रीतीनं निवड समिती माझ्यापर्यंत येऊन पोचली. बाबांसाठी आईनं त्यांचा लेंगा गुडघ्यापाशी कापून शिवला. नाडी होती ती तशीच राहिली.

"वाट लावशील, चंदू," शुभाताई म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मॅच रविवारी सकाळी कंपनीच्या टेनिस कोर्टवर होती. समोर बाबांच्या खात्याचे मॅनेजर श्रीखंडे साहेब आणि त्यांची मुलगी जयंती. ते सांताक्रूझला राहायचे आणि तिला तिथं कोच होता. (आमचा कोच नाडी आवळत होता.) भोवती खुर्च्यांवर बाबांचं सगळं ऑफिस, आणि पहिल्या रांगेत आई आणि शुभाताई. एरवी ते कोर्ट साहेब लोकांचं. बाबांनी बारा वर्षं ते जाळीबाहेरूनच पाहिलेलं. आत शिरताना ते वाकले, चुन्याच्या रेघेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मीही लावला. चुना डोळ्यांत गेला.

पहिला गुण आम्हाला मिळाला. जयंतीची सर्व्हिस बाबांनी परतवली आणि साहेबांनी बॉल बाहेर मारला. "भोपळा पंधरा!" मी ओरडलो. लोक हसले. मला वाटलं, कौतुकानं हसले.

मग जयंतीनं मला सर्व्हिस केली. बॉल नेटला चाटला आणि असा सुसाट आला, की थेट माझ्या गुडघ्यावर बसला.

"लेट!" अंपायर म्हणाले. अंपायर म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, नाना.

आता मी प्रामाणिक मुलगा. "नाही काका," मी म्हणालो, "लेट नाही. वेळेवर आला. हा बघा गुडघा."

"अरे, लेट. नेटला लागला ना?"

"लागला, पण उशीर कुठं झाला? उशीर झाला तरच लेट. एल, ए, टी, ई!"

मग जो हशा पिकला, त्यात नानांची उंच खुर्चीसुद्धा हलायला लागली.

"बाळा, एल, ई, टी! उशिराचा काय संबंध? कोणी शिकवलं तुला हे?"

इथं मी 'शाळेत' म्हणू शकलो असतो. 'पेरूच्या झाडानं' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी रॅकेट बाबांकडे रोखली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आमच्या बाबांनी! त्यांना सगळे नियम पाठ आहेत." अभिमानानं सांगितलं. तेच अजून लागतं मनाला.

सगळं ऑफिस बाबांकडे वळलं. बाबा कापलेल्या लेंग्यात उभे होते.

"हो," ते म्हणाले. "मीच शिकवलं."

श्रीखंडे साहेब भला माणूस. "चला, परुळेकर, खेळू या," म्हणाले. आम्ही सहा भोपळा, सहा भोपळा असे हरलो. पण बसमध्ये मुलुंड येईपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत बसले, ते काही हरल्यामुळं नव्हे.

सोमवारी ते साडेसातला आले. "उशीर झाला," म्हणाले. लेट नाही, उशीर. आईनं नवा चहा केला, पण 'परत सर्व्हिस' कोणी म्हणालं नाही. पुढच्या रविवारी साडी कपाटातच राहिली. त्याच्या पुढच्याही. बाबा पेपर वाचत बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत. मी मोरीत जाऊन रडायचो. टेनिस बंद पडल्याचं दुःख होतंच, पण बाबांचा खेळ मी बंद पाडला, तोही त्यांचं कौतुक करताना, हे मला सहन होत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आईनंच साडी काढली.

"अहो, चला खाली."

"मला नियम येत नाहीत," बाबा पेपरामागून म्हणाले. "मी काय खेळू?"

"त्या लेटचं म्हणताय ना? मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. शुभाच्या डिक्शनरीत बघितलं."

पेपर खाली आला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही लेट म्हणता, मी चहा ठेवते. त्याच्याऐवजी रोज भांडण काढू? आणि अर्थ काही फार लांबचा नाहीये. डिक्शनरीत लेट म्हणजे 'असू दे' असं दिलंय. तुमचा उशीर आणि माझं असू दे, एकच ना ते?"

बाबांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "पण लोक हसले गं."

"हसू देत," आई म्हणाली. "तेही लेटच."

बाबा उठले, तो कापलेला लेंगा चढवला आणि खाली आले. त्यांची पहिलीच सर्व्हिस साडीला चाटून गेली. "लेट!" आम्ही चौघं एकदम ओरडलो.

"होय तर," वनमालाबाई गॅलरीतून म्हणाल्या. "चांगला तीन आठवडे लेट!"

पुढं कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी एकदा सहज सांगितलं, की टेनिसमधला 'लेट' हा निराळाच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ अडथळा. म्हणजे आईचंही चुकलेलं! मी घरापर्यंत धावत आलो. बाबा चपला काढत होते, आई दुसऱ्यांदा चहाचं आधण ठेवत होती. मी तोंड मिटून घेतलं. आयुष्यात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट, आणि ती मी इतकी वर्षं एकट्यानं सांभाळली. बाबा गेले, त्यांनाही कळू दिलं नाही.

परवा मी घरी उशिरा पोचलो. (लेट!) मालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, आधण ठेवलं. मला भरून आलं आणि शेवटी तिला ते गुपित सांगून टाकलं.

"अडथळा ना?" ती साखर टाकत म्हणाली. "मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईंनी सांगितलं. शुभाताईंनी शोधून काढलेलं. बाबांनाही माहीत होतं."

"मग मला कोणीच कसं काही बोललं नाही?"

"आई म्हणाल्या, चंदूला वाटतं हे फक्त त्यालाच माहीत आहे. असू दे."